नवे गाणे आणि त्यावरचे बोलणे

झाडीपट्टीतले नाटक रात्रभर पाहून आलेला आमच्या गोंदियाकडचा प्रेक्षक सकाळी चहाच्या टपरीवर त्यातल्या गाण्यांचा आणि ऑर्गनवाल्याचाही खरपूस समाचार घेतो. असा बोलका श्रोता नव्या संगीतास लाभला नाही तर काय होते, याचे उदाहरण मुंबईस घडले.

चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी केली. वाद्ये सारी विजेवरची. त्यांतली रोलंड टीबी-३०३ ही लहानशी पेटी खर्जातले स्वर काढी, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई. त्यामुळे मिंडेचा भास होई. तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच पेटीतून 'अ‍ॅसिड हाउस' काढले, ते जगभर गाजले. सिंगांची तबकडी एका डच संग्राहकाने शोधून २०१० साली पुन्हा काढली, तेव्हा कोठे तिच्यावर चर्चा झडल्या, २८ वर्षांनी! सिंग २०१५ साली वारले.

आज गावातला मुलगा लॅपटॉपवर गाणे रचून रातोरात जगापुढे ठेवतो. आम्ही 'छान' म्हणून मोकळे होतो. ठेका कोठे रेंगाळला, हे त्याला टपरीवर कोणी सांगत नाही.