उद्योगी माणसाचे आरोग्य

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न आजच्या सुशिक्षित कुटुंबात दिवसातून किती वेळा विचारला जातो, याची मोजदाद केली तर ती संख्या मोठीच भरेल. व्यायाम का होत नाही? वेळ नाही. सकाळी पोटात काही न घालता घराबाहेर का पडता? वेळ नाही. रात्री अकराला जेवण का? दिवसा सवड मिळाली नाही. हे उत्तर खोटे असते असे मुळीच नाही. परंतु प्रकृतीच्या दरबारात ही सबब ऐकून घेतली जात नाही, आणि चाळिशीच्या आसपास तिचा सारा हिशेब एकदम पुढे येतो. तेव्हा ज्याच्याजवळ मुळातच वेळ थोडा आहे, त्याने आपला आहारविहार कसा सांभाळावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले, पुढे चिकलठाण्याची आणि त्यानंतर वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे काम येथे सुरू झाले. या निमित्ताने मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पुष्कळ कुटुंबे शहरात आली. आजोबा औत हाकीत होते; नातू यंत्रापाशी उभा राहिला, किंवा टेबलाशी आणि संगणकासमोर बसला. ही प्रगतीच होय. पण आजोबांचे श्रम गेले आणि त्यांचे ताट मात्र राहिले. किंबहुना त्यात भर पडली. भाकरीशेजारी पाव व बिस्किटे आली, करडईच्या वा अंबाडीच्या भाजीची जागा फरसाणाने घेतली, आणि दोन प्रहरच्या एका चहाचे पाच चहा झाले. शरीराला मिळते पुष्कळ आणि खर्च होतो थोडा, असा हा उलटा व्यवहार आहे. सावकाराच्या वहीत शिल्लक वाढली तर ती संपत्ती. शरीराच्या वहीत वाढली तर तो रोग.

कित्येकांना वाटते की, आपण अंगाने सडपातळ आहोत, तेव्हा ही भीती आपल्याला नाही. हा समज किती फसवा आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीराचे उदाहरण देऊन दाखविले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. आपल्याकडील पुष्कळ माणसे दिसावयास बारीक, पण आतून मेदयुक्त असतात. स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी ही घडण आहे. म्हणून तराजूच्या काट्यावर विसंबून चालत नाही. कमरेचा घेर मोजावा. तो पुरुषाचा ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरहून अधिक भरला, तर सावध व्हावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रोगी सुमारे १० कोटी आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे साडेतेरा कोटी आहेत. उंबरठ्यावर असलेल्या माणसास दुखत नाही, खुपत नाही. आणि धोका आहे तो यातच.

आता दुसरी बाजू पाहावी. उंबरठ्यावरून मागे फिरता येते काय? या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी शोधले आणि ते २००६ साली प्रसिद्ध केले. रोग जडण्याच्या बेतात असलेल्या ५३१ माणसांचे त्यांनी गट पाडले. एका गटास नेहमीचा सर्वसाधारण सल्ला दिला. दुसऱ्यास रोज निदान अर्धा तास भरभर चालण्यास आणि साखर, तेल व बारीक दळलेले पिष्टमय पदार्थ कमी करून तंतुमय अन्न वाढविण्यास शिकविले. सुमारे तीन वर्षांच्या काळात पहिल्या गटातील १०० पैकी ५५ जणांस मधुमेह झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ च्या घरात राहिले. औषधाची गोळी घेणाऱ्या तिसऱ्या गटाचा आकडाही जवळजवळ तितकाच होता. म्हणजे चालणे व जेवणे या दोन साध्या गोष्टींनी गोळीइतके काम केले. शंभरांतील सोळा माणसे रोगापासून दूर राहणे ही काही लहान गोष्ट नव्हे. ती सोळा घरे असतात.

मग एवढे कळूनही माणसे तसे का वागत नाहीत? येथे दोष ज्ञानाचा नसून योजनेचा असतो. संक्रांतीला किंवा पाडव्याला मनुष्य एकदम पाच संकल्प सोडतो: पहाटे उठेन, गोड सोडेन, तळलेले सोडेन, तासभर चालेन, लवकर निजेन. आठ दिवसांत कचेरीत कामाची गर्दी होते आणि पाचही संकल्प एकदमच बुडतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रयोग करून सवय कशी जडते ते पाहिले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची वा हालचालीची एकच नवी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला बांधली. उदाहरणार्थ, न्याहारी झाल्यावर. ती गोष्ट आपोआप होऊ लागण्यास लागणारा काळ मध्यमानाने ६६ दिवसांचा निघाला. कोणास अठराच दिवस पुरले, तर कोणास आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल असा अंदाज आला. महत्त्वाचे हे की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचे विशेष नुकसान झाले नाही. 'आज मोडले, आता संपले' ही जी आपली समजूत, तीच सवयीची खरी शत्रू होय.

आपल्या पूर्वाचार्यांनाही हे मर्म ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, अहितकर सवय एकदम न टाकता ती थोडी थोडी, पावापावाने सोडावी आणि हितकर सवय तशीच क्रमाक्रमाने लावावी, असे सांगितले आहे. चहाच्या साखरेला हा नियम लावून पाहावा. दिवसाचे पाच चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर सर्व मिळून २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आज साखर बंद केली, तर परवा ती पुन्हा सुरू होते. पण दोन चमच्यांचे दीड केले आणि जीभ रुळल्यावर दीडचा एक केला, तर कोणालाही फारसे जाणवत नाही. आणि मग पुढे शेजारच्या घरचा चहाच गोड लागू लागतो.

सवय प्रसंगाला बांधावी, घड्याळाला नव्हे, ही गोष्ट वाळूज व शेंद्र्याच्या कारखान्यांतील मंडळींनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याची पाळी आठवड्याला बदलते, त्याने 'सकाळी सहाला चालेन' असे ठरविले, तर तो नियम पहिल्याच रात्रपाळीत मोडतो. 'झोपेतून उठलो की चालेन' असे ठरविले, तर पाळी कोणतीही असो, नियम टिकतो. रात्रपाळीच्या माणसाने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे आणि मध्यरात्री थोडेसेच, हलके खावे. कारण रात्री रक्तातील साखर आवरण्याची शरीराची शक्ती मंदावते. वकिलाने न्यायालयाच्या मधल्या सुटीस, प्राध्यापकाने दुसऱ्या तासाच्या घंटेस आणि डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभाग आटोपण्याच्या वेळेस आपली एक गोष्ट बांधावी. खूण आधीपासूनच दिवसात असते. तिला फक्त नवे काम द्यावयाचे.

ताटाची मांडणी फारशी अवघड नाही. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट वरण, उसळ किंवा दही, मांसाहारी असल्यास मासळी वा अंडे, आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. ज्वारीची भाकरी तंतुयुक्त व चांगली खरी. पण ती चांगली म्हणून चार खाल्ल्या, तर गुण हरवतो. जालन्याची मोसंबी फोडी करून खावी. रस काढला की तंतू गाळणीत राहतात आणि साखर पेल्यात येते. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे; लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या नमुन्याच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच्या आसपास आहे. चार माणसांच्या घरास महिन्याला ते सव्वातीन किलो होते. रोज चमचे मोजण्यापेक्षा महिन्याचे वाणसामान भरतानाच एवढे मोजून आणावे. स्वयंपाकघर आपोआप ताळ्यावर येते.

मात्र येथे एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. घरच्या गृहिणीने पहाटे उठून चौघांचे चार डबे निराळे करावेत आणि पथ्याचे पुण्य मात्र नवऱ्याने घ्यावे, असे होता कामा नये. आज ती स्वतःही पुष्कळदा शिक्षिका, परिचारिका किंवा अधिकारी असते, आणि 'वेळ नाही' ही तक्रार खरे तर सर्वांत अधिक तिची आहे. आदल्या रात्री भाजी निवडणे, मटकी भिजत घालणे, सकाळी आपला डबा आपण भरणे, ही कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत. एकट्याच्या माथी मारलेला नियम फार दिवस टिकत नाही. घराची रीत झालेला नियम टिकतो.

चालण्याचे महत्त्व पटवावयास एक जुनी हकिकत पुरे आहे. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी जिने चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये बरेच कमी आढळले. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालावे, असे आज सांगतात. त्याचे दहा दहा मिनिटांचे तुकडे केले तरी ते बेरजेत धरले जातात. हिमायत बाग, सिद्धार्थ उद्यान किंवा विद्यापीठाचा परिसर ज्यास जवळ असेल त्याने तेथे जावे. वैशाखात ऊन चढण्यापूर्वी परतावे. पावसात घरीच सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार केला. त्यांस एका सतरंजीएवढी जागा पुरते. आणि सात तासांची झोप ही चैन समजू नये. अपुरी झोप दुसऱ्या दिवशी भूक वाढविते.

याचा अर्थ सणाला पुरणपोळी नको, किंवा पाहुणा आला असता शहराचा प्रसिद्ध नानखलिया वर्ज्य, असा नव्हे. प्रकृती बिघडते ती सणाच्या एका पानाने नव्हे, तर उरलेल्या साऱ्या दिवसांच्या रिवाजाने. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. ज्यांस औषधे चालू आहेत, त्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. बाकीच्यांनी आज एकच गोष्ट निवडावी: चहातील अर्धा चमचा, जेवणानंतरची दहा मिनिटे, किंवा ताटातील एक जादा भाजी. ती कशानंतर करावयाची, हे ठरवून घरात एकास सांगून ठेवावे. दोन-अडीच महिन्यांनी ती अंगवळणी पडली म्हणजे दुसरी घ्यावी. उद्योगी माणसास वेळ नसतो हे खरे. पण जडलेल्या सवयीला निराळा वेळ द्यावाच लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.