वर्षभराची खुर्ची

आपल्याकडे संस्था काढणे सोपे, अध्यक्षपद सोडणे कठीण. गणेशोत्सव मंडळ घ्या, वाचनालय घ्या, ज्ञातीची संस्था घ्या. खुर्चीत बसलेला माणूस बहुधा तसबिरीत गेल्यावरच ती मोकळी करतो. अशा देशात एक संघटना सत्तरहून अधिक वर्षे, डिसेंबर संपला की गावच्या शाखेपासून राष्ट्रीय पातळीपर्यंतचे आपले सगळे अध्यक्ष बदलते, हे सांगितले तर पटकन खरे वाटत नाही. पण जेसीज, म्हणजे आजच्या नावाने जेसीआय इंडिया, नेमके हेच करते.

या चळवळीचा उगम अमेरिकेतला. सेंट लुईस शहरातला हेन्री गिसेनबियर हा तरुण बँकेत नोकरी करीत असे. आधी नृत्याच्या कार्यक्रमांसाठी जमणाऱ्या तरुणांना त्याने शहराच्या प्रश्नांकडे वळवले आणि १९१५ साली ३२ जणांचे मंडळ उभे केले. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत त्याला आंतरराष्ट्रीय रूप आले आणि १९४९ मध्ये ही चळवळ भारतात सुरू झाली. महाराष्ट्रात ती मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. तालुक्याच्या गावांतही 'जेसीज' हा शब्द घरोघरी माहीत झाला. पूर्वी सभासदांच्या पत्नींसाठी 'जेसीरेट' हा वेगळा विभाग असे. आता स्त्रिया सभासद होतात आणि अध्यक्षही.

रचना समजायला सोपी आहे. वय १८ ते ४०. गावच्या शाखेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि संचालक. अनेक शाखांचा मिळून एक झोन. झोनचा अध्यक्ष वर्षभर स्वतःची नोकरी, दुकान सांभाळून गावोगावच्या शाखांना भेटी देतो. मदतीला उपाध्यक्ष असतात, त्यांच्याकडे काही काही शाखा वाटून दिलेल्या. सगळ्या झोनच्या वर राष्ट्रीय कार्यकारिणी. सभासदांच्या वर्गणीतला ठरलेला वाटा वर जातो, आणि वरून प्रशिक्षण, कार्यक्रमांची आखणी व नियम खाली येतात. पदाधिकाऱ्याला पगार नाही. आणि कोणतेही पद एकाच वर्षाचे.

मी विशीत आमच्या गावच्या शाखेत गेलो आणि चाळिशी गाठल्यावर नियमाप्रमाणे बाहेर पडलो. ही रचना माणसाचे काय करते, ते मी जवळून पाहिले आहे. किराणा दुकानात पुड्या बांधणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा मुलगा आधी आभारप्रदर्शन करतो, मग सचिव होऊन इतिवृत्त लिहितो. ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कुणी द्यायचे, मतभेद झाला तर आवाज न चढवता तो कसा नोंदवायचा, हे शिकतो. पाच-सहा वर्षांत तो अध्यक्ष होतो. खुर्ची दरवर्षी रिकामी होते म्हणून त्याचा नंबर लागतो. तिथे कायमचा अध्यक्ष असता, तर हा मुलगा आयुष्यभर सतरंज्याच घालत बसला असता.

अर्थात या नियमाची किंमतही आहे. प्रत्येक अध्यक्षाला आपले वर्ष उठून दिसायला हवे असते. त्यामुळे उद्घाटने फार, पाठपुरावा कमी. आमच्याकडे एका वर्षी लावलेली झाडे पुढच्या वर्षी कुणाचीच नव्हती. उन्हाळ्यात ती वाळली आणि पावसाळ्यात नव्या अध्यक्षाने त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली. दोन्ही वर्षांचे फोटो मात्र अहवालात उत्तम आले. झोनची बक्षिसे त्या त्या वर्षाच्या कामावर मिळतात. तीन वर्षे जगवलेल्या झाडाला बक्षीस देणे या हिशेबात बसत नाही.

यावर संघटनेने काढलेला तोडगा साधा पण शहाणपणाचा आहे. मावळता अध्यक्ष पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीत बसतो. त्याने सल्ला द्यायचा, हुकूम सोडायचा नाही. ज्या शाखांनी हे पथ्य पाळले, त्यांची रक्तदान शिबिरे आणि शाळांतले उपक्रम वर्षानुवर्षे टिकले. जिथे मावळता अध्यक्ष रुसून घरी बसला किंवा मागून सूत्रे हलवू लागला, तिथे शाखा खिळखिळी झाली.

तरुणांच्या इतर संघटनांनाही वयाचा प्रश्न सुटलेला नाही. लुई मार्चेसी या तरुण रोटेरियनने १९२७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात तरुणांसाठी राउंड टेबल सुरू केले. त्याच्या भारतातल्या शाखांत आजही चाळिशीची रेषा आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या रोटरॅक्टची मर्यादा तिशीची होती. २०२० मध्ये तिथे वयाची वरची अट काढून टाकली गेली. अनुभवी माणसे टिकावीत, हा विचार चुकीचा नाही. पण अनुभवी माणूस टिकला की त्याच्याबरोबर त्याची खुर्चीही टिकते का, यावर लक्ष ठेवावे लागेल.

हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या शाखेतून वर्षाच्या वर्षाला पद सोडून हसतमुखाने बाहेर पडलेली माणसे पुढे गावातल्या इतर संस्थांत गेली. कुणी शिक्षणसंस्थेत, कुणी पतसंस्थेत, कुणी देवस्थानाच्या मंडळावर. काम त्यांनी चोख केले. सभा कशी चालवावी, हे त्यांना शिकवावे लागले नाही. पण त्यांतले काही जण पंधरा-पंधरा वर्षे त्याच पदावर आहेत. जेसीजमध्ये ज्यांनी ३१ डिसेंबरला मुकाट्याने सूत्रे दिली, तीच ही माणसे. त्यांचा स्वभाव बदललेला नाही; त्या संस्थांच्या घटनेत तो नियम नव्हता, एवढेच.

म्हणून मला वाटते, खुर्ची सोडण्याचा मोठेपणा माणसाच्या मनावर सोपवू नये. तो कागदावर लिहून ठेवावा. आपल्या इमारतीची सोसायटी असो, गल्लीतले मंडळ असो की महिला मंडळ, पुढच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटे येण्याआधी एकच विषय घ्यावा: पद किती वर्षांचे, आणि त्यानंतर कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमाने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर मागच्या रांगेत, सतरंजीच्या कडेला, गप्प बसलेले असते.