मक्तबचा इम्तिहान मोबाईलवर : उत्तर चार की सहा?

समजा, मोबाईलवरच्या चाचणीत प्रश्न आला, "वुजूचे फर्ज किती?" मुलाने 'सहा'वर बोट ठेवलं आणि लाल फुली उमटली. अम्मी रागावली, "सबक नीट पाठ केला नाहीस!" पण मूल खरंच चुकलं का? हनफी फिकहनुसार वुजूचे फर्ज चार आहेत. शाफई फिकहमध्ये नियत आणि तरतीब धरून ते सहा होतात. आपल्या कोकणात तर बहुतेक घरं शाफईच आहेत. म्हणजे चूक मुलाची नाही, कुठून तरी जशीच्या तशी उचललेल्या तयार प्रश्नपत्रिकेची आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मक्तब बंद पडले, तेव्हा व्हॉट्सॲपवर सबक आणि गुगल फॉर्मवर इम्तिहान अशी सोय अनेक उस्तादांनी केली. सोय चांगलीच आहे. कोणता प्रश्न जास्त मुलांनी चुकवला, हे फॉर्म लगेच दाखवतो. दुसऱ्या दिवशी उस्ताद तोच सबक पुन्हा घेऊ शकतात. वर्गात तोंड न उघडणारं लाजाळू मूलही इथे उत्तर देतं.

पण काही गोष्टी पर्यायांवर बोट ठेवून तपासताच येत नाहीत. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. फरक फक्त क़ाफ आणि काफचा. क़ाफ जिभेच्या मुळापासून निघाला की नाही, ते उस्तादांच्या कानालाच कळतं. कहूटसारख्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. तिलावतीचं मात्र उलट आहे. सूरह मुज्जम्मिलमध्ये कुरआन तरतीलने, म्हणजे थांबून-थांबून, स्पष्ट पढण्याचा हुकूम आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, उस्तादांनी प्रश्न स्वतः तयार करावेत. तयार प्रश्न घेतलेच, तर आपल्या मुलांच्या फिकहनुसार तपासून घ्यावेत. गुण फॉर्मवरचे वेगळे आणि समोर बसवून ऐकलेल्या तिलावतीचे वेगळे ठेवावेत. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही अब्बांसोबत कामावर जातो, तिथल्या मुलाला तेच प्रश्न कागदावर द्यावेत.

आणि पालकांनो, दहापैकी दहा आले म्हणून खुश व्हा, जरूर व्हा. पण आज मगरिबला मुलाला तुमच्यासमोर वुजू करायला सांगा. कोपर कोरडं राहिलं तर ते मोबाईल सांगणार नाही, तुम्हालाच पाहावं लागेल.