घडीचा मांडव : समज आणि वस्तुस्थिती

चाकणच्या आंबेठाण चौकातून औद्योगिक वसाहतीच्या दिशेने वळले आणि पहिली पाळी सुटण्याची वेळ साधून एखाद्या कारखान्याच्या फाटकासमोर घटकाभर थांबले, म्हणजे वडापाव, ताक, कलिंगडाच्या फोडी विकणारी माणसे छोट्या हत्तीतून उतरवलेली एक लांबट पिशवी सोडताना दिसतात. दोघे जण समोरासमोर उभे राहून सांगाड्याचे पाय धरतात व एकेक पाऊल मागे सरतात, कात्रीसारख्या पट्ट्या पसरत जातात, कोपऱ्यांतली बटणे खट्‌कन बसतात, आणि जेथे दोन-तीन मिनिटांपूर्वी नुसते रखरखीत ऊन होते तेथे शंभर चौरस फुटांची सावली उभी राहते. दुकानदार हिला गझिबो म्हणतात, कोणी कॅनोपी म्हणतो, कोणी फोल्डिंग टेंट; मला स्वतःला ‘घडीचा मांडव’ हे नाव बरे वाटते.

पुण्यात आज फरासखाना म्हटले की पोलीस ठाणे आठवते. परंतु तंबू, राहुट्या, कनाती, शामियाने व बिछायती यांचा सरंजाम सांभाळणारे खाते ते फरासखाना, आणि शिवकालीन अठरा कारखान्यांत त्याची गणना होत असे. जी वस्तू बाळगण्यासाठी एके काळी सरकारास स्वतंत्र खाते ठेवावे लागे, ती आज एका फेरीवाल्याच्या ऐपतीत आली, ही मी मोठीच लोकोपयोगी गोष्ट मानतो, आणि म्हणूनच ती घेताना होणारी फसगत मला सलते. ही फसगत दुकानदाराच्या लबाडीपेक्षा आपल्याच समजुतींमुळे अधिक होते.

त्यांतली पहिली समजूत अशी, की छप्पर जाड असले म्हणजे खाली गारवा मिळतो. वास्तविक सावली हवेला थंड करीत नाही; ती फक्त सूर्याचा थेट मारा अडवते. उन्हाळ्यात भर दुपारी निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी ऊर्जा उतरत असते. तेव्हा दहा फूट लांब व दहा फूट रुंद, म्हणजे नऊ चौरस मीटरांच्या छपरावर एक किलोवॅटच्या नऊ शेगड्या पेटवून ठेवल्यासारखी ती स्थिती असते. ही उष्णता गडद कापड अधिक शोषून घेते, स्वतः तापते आणि मग खालच्या माणसाच्या डोक्यावर तीच झळ सोडते. त्यामुळे वरून पांढरे किंवा रुपेरी लेप दिलेले, आणि तरीही प्रकाशाकडे धरले असता आरपार न दिसणारे कापड घ्यावे. छत माणसाच्या डोक्यापासून पुरेसे उंच असावे. आणि शिखराशी गरम हवा निघून जाण्यास झरोका असेल तर त्याचे चार पैसे अधिक द्यावेत.

दुसरी समजूत डेनियरच्या आकड्याची. सहाशे डेनियर म्हणजे पाणी मुळीच झिरपणार नाही, असे विक्रेता सांगतो व गिऱ्हाईक मान डोलावते. परंतु नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. त्यावरून धागा किती जाड हे कळते. पाणी अडवण्याचे काम आतील लेप व शिवणींवर चिकटवलेली पट्टी करते. लेप उडालेले सहाशे डेनियर कापड चाळणीप्रमाणे गळेल, आणि लेप शाबूत असलेले तीनशे डेनियर कापड सर सहज निभावून नेईल. दुकानात कापड उलटे करून शिवणीवर बोट फिरवावे. पट्टी लागली की नाही हे बोटालाच समजते.

मापाच्या बाबतीत दोन प्रकारे घोटाळा होतो. काही मांडवांचे पाय तिरपे असतात; त्यांचे माप जमिनीवर दहा फूट भरते आणि छपरावर आठच फूट. शंभराच्या जागी चौसष्ट चौरस फूट हाती लागले, म्हणजे छत्तीस टक्के सावली व्यवहारातच हरवली. दुसरा घोटाळा सूर्याचा. मेच्या मध्यात पिंपरी-चिंचवडला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो व मांडवाची सावली मांडवाखालीच पडते. परंतु त्याच दिवशी चार वाजता तो क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंशांवर उतरलेला असतो, आणि सात फूट उंचीच्या छपराच्या कडेची सावली सुमारे आठ फूट पूर्वेकडे सरकलेली असते. दहा फुटांपैकी आठ फूट! विक्रेता मांडवात आणि सावली शेजाऱ्याच्या गाड्यावर, असा प्रकार होतो. ह्यास्तव मोठा मांडव घेण्याऐवजी लहान मांडव घेऊन पश्चिमेच्या बाजूस एक पडदा लावण्याची तजवीज करणे अधिक शहाणपणाचे.

आता ज्या समजुतीने खरा घात होतो तिच्याकडे वळतो. मांडव वीस-पंचवीस किलोंचा आहे, म्हणजे तो जागचा हलणार नाही, असे पुष्कळांना वाटते. ह्या प्रदेशात चैत्र-वैशाखातले वळीव ज्याने पाहिले आहे त्याने तरी असे मानू नये. ढगातून उतरणाऱ्या सरींचे पाणी वाटेत आटते, त्यामुळे हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चोहीकडे पसरते; म्हणून पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच धुळीचा लोट अंगावर येतो. इमारतींच्या रचनेसाठी भारतीय मानकात जे सूत्र दिले आहे त्यानुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. त्या हिशेबाने ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब नऊ चौरस मीटर कापडावर आला तर तो सुमारे अडुसष्ट किलो भाराइतका होतो, आणि ताशी साठच्या वाऱ्यात तोच दीडशे किलोंच्या वर जातो. पुण्यासाठी त्याच मानकात गृहीत धरलेला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. एवढ्या वाऱ्यात कोणताही घडीचा मांडव टिकत नाही, आणि तो टिकावा अशी अपेक्षाही कोणी धरू नये.

हे लिहिताना २०२३ च्या एप्रिलमधले लागोपाठचे दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. १६ एप्रिल रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास जमलेला अफाट जनसमुदाय भर उन्हात बसला, आणि त्यातल्या १४ जणांचे प्राण उष्माघाताने गेले. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलच्या सायंकाळी, आपल्या रावेत-किवळे भागात महामार्गाच्या सेवारस्त्यालगत वादळी वाऱ्याने एक प्रचंड जाहिरातफलक कोसळला, आणि पाऊस टाळण्यासाठी त्याच्या आडोशाला थांबलेली पाच माणसे दगावली. सावली नसणे किती जिवावर बेतू शकते हे एका दिवसाने दाखवले, आणि डोक्यावरचा आसरा वाऱ्याच्या हवाली करणे किती जिवावर बेतते हे दुसऱ्याने. मांडव हा फलकासारखा अवजड नसतो हे खरे. परंतु उडालेला लोखंडी सांगाडा रहदारीच्या रस्त्यावर जाऊन पडला तर त्याने काय होईल ह्याची कल्पना करणे अवघड नाही.

उपाय महाग नाही. मुरमाड जमीन असेल तर हातभर लांबीच्या लोखंडी मेखा बाहेरच्या बाजूस कलत्या ठोकून चारही कोपऱ्यांना तणावे बांधावेत. मांडवासोबत येणाऱ्या बोटभर जाडीच्या खिळ्यांवर विसंबू नये. डांबर, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर तेथे मेख चालत नाही, भारच हवा. आणि आपल्या पट्ट्यात तो भार दर कारखान्यात, दर टपरीवर आयताच असतो. वीस लिटर पाण्याचा जार म्हणजे वीस किलो. प्रत्येक पायाशी असा एक भरलेला जार, त्याच्या मानेला दोरीचा फास, आणि ती दोरी पायाला न बांधता वर छपराच्या कोपऱ्याला ताणून बांधलेली, एवढ्याने ऐंशी किलोंची बेगमी होते. ती झुळकांसाठी पुरते, वळिवासाठी पुरत नाही. म्हणून आभाळ काळवंडताच कापड उतरवण्याची हयगय करू नये.

पावसाविषयीचा भ्रम मला स्वतःला भोवला आहे. आमच्या निगडीच्या मंडळाने देहूहून आकुर्डीच्या मुक्कामाकडे जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीबरोबरच्या वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी एक स्वस्तातला मांडव घेतला होता. विक्रेत्याने तो जलरोधक असल्याची हमी दिली होती, आणि खरोखरच त्यातून एक थेंबही गळला नाही. गळला नाही म्हणूनच तो मोडला. कापड सैल होते, छपराच्या एका बाजूला पोट पडले, त्यात पाणी साचत गेले, आणि फुगलेल्या पखालीसारखी ती बाजू खाली येता येता कात्रीची पट्टी मधोमध वाकली. एक मिलिमीटर पाऊस नऊ चौरस मीटरांवर नऊ लिटर पाणी आणून टाकतो, म्हणजे पंचवीस मिलिमीटरांच्या सरीत सव्वादोनशे लिटर. ते वाहून गेले नाही तर कोणता सांगाडा ते पेलणार? घडीचा मांडव हा मुख्यत्वे उन्हाचा सोबती आहे. पावसात तो ठेवणे भागच पडले तर कापड ताणून बसवावे आणि दर थोड्या वेळाने आतून काठीने पोट वर ढकलून पाणी सांडावे.

किमतीसंबंधी लोक दोन टोकांना जातात. कोणी म्हणतो स्वस्त ते फेकण्याच्याच लायकीचे, कोणी म्हणतो सगळे सारखेच, नावाचे पैसे का द्यावेत. माझे मत असे, की स्वस्त मांडव बेलाशक घ्यावा, पण त्याचे सांधे पाहून घ्यावा. नळी लोखंडी की ॲल्युमिनियमची ह्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. लोखंडी जड असते व रंग उडालेल्या भोकांपाशी गंजते, ॲल्युमिनियमची हलकी असल्याने तिला भार अधिक लावावा लागतो. मोडतो तो बहुधा कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांधा. दुकानात मांडव पुरता उघडून घ्यावा, एक पाय धरून हलवावा, आणि सांधा सुटा मिळतो की नाही याची खातरजमा करावी. तो मिळत नसला तरी आपल्याकडे निराश होण्याचे कारण नाही. भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर नायलॉनचा बुश उतरवून देणारे लहान कारखानदार गाळ्यागाळ्यांत बसले आहेत, आणि त्यांनी केलेला सांधा मूळच्यापेक्षा दणकट निघण्याचाच संभव अधिक.

वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या पूजेला किंवा मुलाच्या वाढदिवसाला मांडव लागणार असेल, तर विकत घेण्याच्या भरीस न पडता मांडववाल्याकडून भाड्याने आणावा. जागा कायमची असेल तर चार बांबू व हिरवी शेडनेट पुष्कळदा सरस ठरते. तिच्या छिद्रांतून वारा बराचसा निघून जातो, आणि सावली किती टक्के हे तिच्यावर आकड्याने सांगितलेले असते. मात्र त्या जाळीखाली काय किंवा पॉलिएस्टरच्या छपराखाली काय, भजी तळण्याची शेगडी ठेवू नये. पॉलिएस्टर सुमारे अडीचशे अंशांना वितळते, व त्याचे तापलेले थेंब कातडीला चिकटतात. तसेच, मांडव उचलून नेता येतो म्हणून पदपथावर लावण्यास परवानगी लागत नाही, ही समजूतही निराधार आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाखालील प्रमाणपत्र विक्रीचा व जागेचा विचार करते, छप्पर घडीचे की पक्के हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

राहिली मांडव मिटवून ठेवण्याची गोष्ट. ओले कापड सांगाड्यावरच ठेवून पिशवीत कोंबले की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, लेप सुटू लागतो, आणि पुढच्या पावसात तोच मांडव ‘खराब माल’ ठरतो. आंबेठाण रस्त्यावरचा एक ताकवाला पाऊस उघडल्यावर आपले छप्पर टेम्पोच्या हौद्यावर पसरतो, शिवणींच्या रेघा फडक्याने कोरड्या करतो, आणि ते वाळेपर्यंत चारही जार रिकामे न करता तसेच सावलीत ओळीने लावून ठेवतो, कारण संध्याकाळच्या पाळीला पिण्यासाठी तेच पाणी लागते.