भित्र्या मांजराला कसलं घर हवं?

या मालेत आतापर्यंत आपण स्वातंत्र्य, कर्तव्य, न्याय अशा भारदस्त शब्दांशी झटापट केली. आजचा विषय मांजर. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला मांजराचं काय पडलंय, असं कुणाला वाटेल. पण ‘धीर धरा’ असं आपण एकमेकांना सारखं सांगत असतो, आणि धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. भित्र्या मांजराला घर शोधताना त्याचं उत्तर द्यावंच लागतं. तिथे शब्दांवर भागत नाही.

आम्ही काही निवृत्त मंडळी एका लहानशा आश्रयगृहाला मदत करतो. मांजर न्यायला आलेल्यांशी बोलायचं, त्यांचं घर बघून यायचं, एवढंच आमचं काम. आपल्याकडे पांजरपोळांची परंपरा जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. तिथे प्राणी यायचा तो बहुधा कायमचा. आजचं आश्रयगृह तसं नाही. तिथे मांजर थांबतं ते पुढच्या घरासाठी. जागा मोजक्या. एक मांजर वर्षभर एकाच पिंजऱ्यात राहिलं, तर दाराशी आलेल्या दुसऱ्याला ‘जागा नाही’ म्हणावं लागतं. आणि मागे राहतं कोण? धीट पिल्लू पहिल्याच रविवारी जातं. जे खोक्याच्या मागे तोंड लपवून बसतं, ते राहतं. म्हणून घर शोधण्याची घाई असते, आणि या मांजराला घाईच तर सोसत नाही. आजचा सगळा पेच इथे आहे.

आधी भीती समजून घेऊ. मांजर शिकारी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. ते इतरांची शिकारही होऊ शकतं, हे आपण विसरतो. त्यामुळे घाबरलेलं मांजर नेहमी फिस्कारतंच असं नाही. पुष्कळदा ते नुसतं थिजतं. अंग आक्रसून, पाय पोटाखाली घेऊन, बुबुळं मोठी करून बसतं. कधी डोळे मिटून झोपल्यासारखं दिसतं, पण झोपलेलं नसतं. बघणारे म्हणतात, ‘किती शांत आहे!’ ती शांतता नव्हे.

ही भीती येते कुठून? एक कारण बालपणातलं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांवर काम केलं. माणसाच्या हाताची सवय लागण्याचा सर्वांत मोलाचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा, असं त्यातून दिसलं. तेवढ्या दिवसांत पिल्लाला माणूस भेटला नाही, तर माणूस ही गोष्ट त्याला पुढे मुद्दाम, कष्टाने शिकावी लागते. दुसरं कारण रक्तातलं. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात माणसाळलेल्या बोक्यांची पिल्लं अनोळखी माणसासमोर आणि नव्या वस्तूसमोर अधिक धीट निघाली. बोका पिल्लं वाढवत नाही. म्हणजे हा धीटपणा संगतीचा नव्हे, वारशाचा. आणि तिसरं कारण घडलेल्या गोष्टींचं : घर सुटणं, मार, कुत्र्याचा पाठलाग, मालकाचा मृत्यू. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मांजराने निवडलेली नसते.

इथे एक भेद करायला हवा. पूर्ण रानटी वाढलेलं, माणसाशी कधी संबंधच न आलेलं मोठं मांजर असतं. त्याला घरात कोंडणं ही दया नव्हे. नसबंदी करून ते त्याच्या जागी परत सोडावं, तिथे खाऊपिऊ घालावं. आपण बोलतोय ते दुसऱ्या मांजराबद्दल : ज्याला माणूस ठाऊक आहे, पण माणसावरचा विश्वास उडालाय, किंवा अजून बसलेलाच नाही.

आता थोडं व्याकरण. जुन्या विद्यार्थ्यांना आमची ही खोड माहीत आहे. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. या एका धातूपासून आपल्या रोजच्या बोलण्यातले चार शब्द झालेत : अपेक्षा, परीक्षा, उपेक्षा आणि प्रतीक्षा. चारही पाहण्याच्याच तऱ्हा. मांजराला तर पाहणं हा अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. अनोळखी प्राण्याने रोखून पाहणं ही त्याच्या लेखी धमकी असते. तेव्हा भित्रं मांजर घरी आल्यावर ते घर त्याच्याकडे यांतल्या कोणत्या नजरेने पाहणार आहे, हे आम्ही आधी ताडून बघतो.

एक उदाहरण देतो. चार वर्षांची एक करडी भाटी आमच्याकडे आली. तिला सगळे मनीच म्हणत. एका आजींनी पाळलेली. आजी गेल्या, नातेवाइकांनी घर रिकामं केलं, आणि मनी आश्रयगृहात आली. पहिला महिना ती फळीखालून बाहेर आली नाही. खाणं रात्री, सगळे गेल्यावर. मग एक कुटुंब आलं. भली माणसं, दोन शाळकरी मुलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मांडीवर किती दिवसांत बसेल?’ अकराव्या दिवशी त्यांनी तिला परत आणलं. म्हणाले, ‘आम्ही सगळं केलं हो, पण तिला आमचा लळाच लागत नाही.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. खाणं उत्तम, गादी नवी, मुलं प्रेमळ. पण त्या घराची नजर अपेक्षेची होती, आणि रोज संध्याकाळी पलंगाखाली वाकून ‘आज तरी येते का’ बघणं, ही परीक्षा. मनी रोज नापास होत होती.

परत आल्यावर ती आणखी आत गेली. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. परत येणं ही आपल्या दृष्टीने नोंदवहीतली एक ओळ असते. मांजराच्या दृष्टीने सगळे वास, सगळे आवाज पुन्हा एकदा बदललेले असतात. तिसऱ्यांदा असं झालं असतं, तर तिच्यासाठी घर शोधायचं की नाही, असाच प्रश्न आला असता.

मग काही आठवड्यांनी एक बाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, घरूनच काम करणाऱ्या. मनी त्यांना धड दिसलीसुद्धा नाही, नुसती शेपटी दिसली. त्यांनी विचारलं, ‘आत्ता ती झोपते कशात?’ आम्ही खोका दाखवला. त्या म्हणाल्या, ‘हाच खोका देता का? आतलं फडकं धुऊ नका, असंच द्या.’ आमच्या मनातला निर्णय तिथेच झाला. मांजर आपल्याला काय देईल, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मांजराचं आत्ता कशावर भागतंय, तेवढं विचारलं.

त्या खोक्याला आधार आहे, बरं का. नेदरलँड्समधल्या एका आश्रयगृहात उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने आलेल्या १९ मांजरांचे दोन गट केले. एका गटाला लपायला खोका दिला, दुसऱ्याला नाही. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खोकावाल्या मांजरांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्ट कमी दिसला. आपल्याला वाटतं, लपू दिलं तर मांजर लपतच राहील. प्रत्यक्षात उलटं होतं. जिथून कुणी ओढून काढणार नाही अशी जागा हाताशी असली, की बाहेर डोकावायला धीर येतो.

तेव्हा घर शोधणाऱ्यांनी काय करावं? पहिलं म्हणजे, वर्णन खरं लिहावं. ‘थोडी लाजाळू आहे, प्रेम दिलंत की खुलेल’ असं लिहायचा मोह होतो, कारण जागा लवकर मोकळी व्हायला हवी असते. पण त्या वाक्यात एक वचन दडलेलं आहे, आणि ते वचन मांजराने दिलेलं नाही. त्याऐवजी लिहावं : ‘माणूस खोलीत असताना ही बाहेर येत नाही. रात्री व्यवस्थित खाते, ट्रे नीट वापरते. कदाचित कधीच मांडीवर बसणार नाही.’ अशाने विचारणा कमी होतात. पण जे विचारतात, ते ऐकून आलेले असतात.

दुसरं, घराला प्रश्न विचारावेत, आणि ते साधे असावेत. घरात दिवसभर वर्दळ किती? बेल किती वेळा वाजते? लहान मुलं आहेत का, आणि ‘हात लावू नकोस’ म्हटलेलं ती ऐकतात का? एक खोली काही आठवडे मांजराला देता येईल का? खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे का? घाबरलेलं मांजर गजांमधून क्षणात निसटतं. आणि शेवटचा प्रश्न : सहा महिन्यांनीही ती पलंगाखालीच असेल, तर? या प्रश्नावर जे थोडं थांबून उत्तर देतात, ते आम्हाला बरे वाटतात.

तिसरं, मुहूर्त बघावा. पंचांगातला नव्हे. दिवाळीच्या तोंडावर, गणपतीत घराशेजारी ढोल वाजत असताना, किंवा घरात लग्नकार्य असताना भित्रं मांजर नेऊ नये, देऊ नये. आणि थेट कायमचं घर मिळत नसेल, तर काही आठवड्यांसाठी एखादं तात्पुरतं घर मिळालं तरी मोठं काम होतं. पिंजऱ्यातलं मांजर आणि खोलीतलं मांजर यांत पुष्कळदा फरक असतो. तो कळला, की वर्णनही अधिक खरं लिहिता येतं.

आता घरी आल्यावर. इथे आमचा तिसरा शब्द येतो, उपेक्षा. मराठीत तो वाईट अर्थाने वापरतात. पण पतंजलींनी योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या बरोबरीने उपेक्षा सांगितली आहे, आणि बौद्ध परंपरेतही ती चार ब्रह्मविहारांपैकी एक आहे. या उपेक्षेचा अर्थ दुर्लक्ष नव्हे. मन समतोल ठेवून, ओढाताण न करता पाहणं, असा आहे. भित्र्या मांजराला पहिले काही आठवडे हीच उपेक्षा हवी. एक लहान, शांत खोली. लपायला खोका. खाण्याची भांडी एका बाजूला, लिटरचा ट्रे दुसऱ्या बाजूला. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. आपण खोलीत जावं, जमिनीवर बसावं, तेही तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. पुस्तक वाचावं, हळू आवाजात मोठ्याने वाचलं तरी चालेल. हात पुढे करून बोलावू नये. नजरानजर झालीच, तर सावकाश पापण्या मिटाव्यात आणि उघडाव्यात. ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ असं म्हणून आपण त्या मिटल्या डोळ्यांना लबाड ठरवलंय. पण ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ यायला अधिक राजी होतात.

पुढे कधी ती स्वतः जवळ आली, तर बोट नाकाच्या उंचीवर धरावं. तिने गाल घासला, तर गालाला, हनुवटीला दोन-चार वेळा हात लावावा आणि थांबावं. थांबणं महत्त्वाचं. आपण थांबलो, की पुढचं तिच्या हातात राहतं.

पण सावध. बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त प्रत्येक सद्गुणाचा एक ‘जवळचा शत्रू’ सांगितला आहे : दिसायला सद्गुणासारखाच, पण घातक. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ‘तिला तिच्या वेळेने येऊ दे’ म्हणत चार दिवस वाटी भरलेली आहे हेच न बघणं, हा तो शत्रू. मांजराने सलग दोन दिवस काही खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो. ताणाने मूत्राशयाचा दाह होतो, आणि बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच तासाला पशुवैद्याकडे न्यायचं. म्हणून रोज वाटी बघायची, ट्रे बघायचा, टिपून ठेवायचं. मांजराकडे टक लावायची नाही, पण त्याच्या खुणांवर लक्ष ठेवायचं. हे दोन्ही एकाच वेळी करता येणं, म्हणजे चौथा शब्द : प्रतीक्षा.

आश्रयगृहांत एक ढोबळ हिशेब सांगतात : बुजरेपणा ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. नवख्या माणसाला धीर द्यायला तो ठीक आहे. पण त्याचं वेळापत्रक केलं, की तीच परीक्षा पुन्हा सुरू होते.

वैष्णव आचार्यांच्या वादात दोन न्याय येतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, हा मर्कटकिशोर न्याय. मांजराच्या पिल्लाला आई मानेला धरून उचलते, पिल्लू काहीच करत नाही, हा मार्जारकिशोर न्याय. भक्ताचा प्रयत्न मोठा की देवाची कृपा, असा तो वाद. गंमत अशी, की मोठं झालेलं भित्रं मांजर मार्जारकिशोर न्यायात बसत नाही. त्याला कुणी उचलून विश्वासात नेऊ शकत नाही. तेवढं अंतर त्याने स्वतः चालायचं असतं. आपण फक्त वाट मोकळी ठेवायची.

मनी त्या बाईंकडे तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी दिसली. पाचव्या महिन्यापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते. कुकरची शिट्टी झाली की अजून पळते, आणि थोड्या वेळाने परत येते. मांडीवर ती अजून बसलेली नाही. आम्ही विचारलं, तुम्हाला वाईट वाटतं का? त्या म्हणाल्या, ‘ती परत येते ना.’

तुमच्यापैकी कुणी आश्रयगृहात गेलात, तर पुढे येणाऱ्या पिल्लांना जरूर भेटा. पण निघण्याआधी तिथल्या माणसांना एवढं विचारा, की मागे कोण बसलंय, आणि ते झोपतं कशात.