रात्री हाताला मुंग्या येतात तेव्हा

मध्यरात्री जाग येते. बोटं बधीर झालेली असतात. आपण हात झटकतो, पाच मिनिटांत बरं वाटतं आणि ‘हात अंगाखाली आला असेल’ म्हणून पुन्हा झोपतो. असं आठवड्यातून तीन-चार रात्री होऊ लागलं, तर कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याची शक्यता तपासायला हवी.

मनगटात आठ लहान हाडं कमानीसारखी बसलेली असतात आणि त्यांच्यावर छपरासारखा एक जाड, फारसा न ताणणारा पट्टा असतो. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या 9 कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह ही एक नस जाते. कंडरांभोवतीचं अस्तर सुजलं की जागा कमी पडते. कंडरा तो दाब सोसतात, नसेला मात्र तो सोसत नाही. झोपेत आपलं मनगट नकळत मुडपतं, दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा. नेमकी कोणती बोटं बधीर होतात ते पाहून कागदावर लिहून ठेवा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू हा या नसेचा प्रांत. करंगळी त्यात येत नाही. करंगळीच बधीर होत असेल तर कोपरातली नस दाबली जात असू शकते. कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात तीच ती. ‘सगळा हात बधीर होतो’ एवढंच सांगितलं, तर उपचार मानेच्या मणक्याच्या वाटेला लागून महिने वाया जातात.

मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गर्भारपण यांत हा त्रास जास्त आढळतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या सांगतात. गर्भारपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. गरज वाटल्यास नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो हे मोजणारी तपासणी करतात. तिच्यात विजेचे हलके झटके बसतात, पण ते सोसण्यासारखे असतात.

सौम्य त्रासात पहिला उपाय म्हणजे रात्री घालायचा मनगटाचा पट्टा (स्प्लिंट). इथेच सर्वात जास्त चुका होतात. दुकानात मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांतली धातूची पट्टी वर वाकवलेली असते आणि मनगट मागे झुकलेलं राहतं. आपल्याला मनगट सरळ हवं, म्हणून ती पट्टी डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून सरळ करून घ्या. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणं हा याला पर्याय नाही. त्यानं दाब वाढतोच. पट्टा घातल्यावर बोटं मोकळी हलली पाहिजेत. आणि चार रात्रींत गुण आला नाही म्हणून तो कपाटात टाकू नका, किमान सहा आठवडे द्या.

तेवढ्यानं भागलं नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढते.

मला खरी हळहळ वाटते ती उशिरा येणाऱ्यांची. दोन्ही तळवे उजेडात शेजारी धरून पाहा. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा एका हाताला खोल गेलेला दिसतोय का? शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात का? बधिरपणा आता दिवसाही जात नाही का? यातलं काहीही असेल तर पट्ट्यावर वेळ काढू नका. वाळलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

ऑपरेशनमध्ये ‘नस कापतात’ ही भीती अनेकांना असते. कापतात तो छपराचा पट्टा. नस मोकळी होते. बहुतेकदा फक्त हाताला भूल देतात, मुख्य काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. हात उंचावर ठेवा, पण बोटं पहिल्या दिवसापासून हलवा. ती धरून ठेवली की आखडतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात.

रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा लगेच थांबतात, जुना बधिरपणा सावकाश कमी होतो. जमिनीवर तळवा टेकून उठताना किंवा पोळी लाटताना मात्र जखमेच्या दोन्ही बाजूंना दुखतं आणि ‘ऑपरेशन फसलं की काय’ असं वाटू लागतं. हे दुखणं अपेक्षितच असतं. ते सहसा तीन ते सहा महिन्यांत जातं आणि पकडीतला जोरही याच काळात परततो.