गोदीतला खोळंबा

लखनौजवळच्या अमौसीपासून समुद्र शेकडो मैल दूर; तरी गोदीत खोळंबलेल्या यंत्राचे भाडे अखेर तिथल्या कारखानदारालाच सोसावे लागते. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढविण्यास टनामागे ५.८६ डॉलर लागत. तो खर्च पेट्यांमुळे १६ सेंटांवर आला. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा बंदर प्रामुख्याने अशाच पेट्या हाताळते. परंतु यारीने मिनिटांत उतरविलेली पेटी जकातीच्या कागदांसाठी दिवसचे दिवस पडून राहते, हा खरा रोग होय. यास्तव जहाज लागण्यापूर्वीच कागदपत्रे दाखल होतात, आणि विश्वासार्ह आयातदाराची पेटी बाहेरच्या गोदामाऐवजी थेट त्याच्या स्वाधीन केली जाते. गोदामापर्यंतची फेरी, तिथले भाडे आणि दुसऱ्यांदा करावी लागणारी चढउतार त्यामुळे वाचते.